उसन्या नावांचे कॅमेरे

क्योसेरा या कंपनीचे नाव जपानी माणूस दोन लिप्यांत लिहितो. पहिले अक्षर ‘क्यो’ चिनीवरून आलेल्या कांजी लिपीत, आणि उरलेले ‘सेरा’ काताकानात. काताकाना ही मुख्यतः परक्या शब्दांसाठी राखलेली लिपी. त्यामुळे नावाचा कोणता भाग घरचा आणि कोणता बाहेरून आलेला, हे वाचताक्षणीच कळते. देवनागरीत अशी सोय नाही. ‘ताट’ आणि ‘टेबल’ आपण एकाच वळणाने लिहितो आणि दोन पिढ्यांत कोण पाहुणा, कोण घरचा हे विसरून जातो.

‘क्यो’ म्हणजे राजधानी. तोक्यो म्हणजे पूर्वेकडची राजधानी, त्यातलेही हेच अक्षर. क्योतो या नावातल्या तर दोन्ही अक्षरांचा अर्थ राजधानीच. जुन्या राजनगरीला ही द्विरुक्ती शोभते. ‘सेरा’ हा ‘सेरामिक्कु’ या शब्दाचा शेंडा, म्हणजे इंग्रजी सिरॅमिकचा जपानी उच्चार मधोमध तोडून उरलेला तुकडा. परका शब्द आधी घ्यायचा आणि मग तो छाटून आपल्या मापाचा करायचा, ही जपानीची आवडती रीत. टेलिव्हिजनचे ‘तेरेबी’ होते, रिमोट कंट्रोलचे ‘रिमोकोन’, पर्सनल कॉम्प्युटरचे ‘पासोकोन’. काझुओ इनामोरी यांनी १९५९ च्या एप्रिलमध्ये ‘क्योतो सेरामिक्कु’ ही कंपनी काढली तेव्हा ते २७ वर्षांचे होते आणि कंपनीत २८ माणसे होती. १९८२ मध्ये त्या लांबलचक नावाचे अधिकृतपणे ‘क्योसेरा’ झाले.

सिरॅमिकचे मूळ ग्रीक. ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती, आणि त्या मातीचे भाजलेले भांडेही. अथेन्समध्ये कुंभारांची वस्ती होती, तिचे नाव केरामेइकोस. पुढे ती जागा तिथल्या प्राचीन स्मशानासाठी अधिक प्रसिद्ध झाली. मराठीने या वस्तूकडे वेगळ्या बाजूने पाहिले. आपण तिला चिनीमाती म्हणतो. लोणच्याची बरणी कोणत्याही गावात भाजलेली असो, माती चिनीच. इंग्रजांनीही कपबशांना ‘चायना’ म्हणून तेच केले. उद्या कोणी क्योसेराचे मराठीकरण करायला बसलाच, तर हाती ‘क्योतोची चिनीमाती’ येईल आणि ते नाव बहुधा ना जपान्यांना रुचेल, ना चिन्यांना.

पण या कंपनीची माती कपबशांची नव्हती. तिचे पहिले उत्पादन म्हणजे टीव्हीच्या चित्रनळीत बसणारा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा एक लहानसा विद्युतरोधक तुकडा. चित्रनळीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर फेकला जातो. तो फेकणाऱ्या भागांना जागच्या जागी धरून ठेवणारा पदार्थ वीज वाहू न देणारा हवा आणि उष्णताही सोसणारा हवा. भाजलेली शुद्ध खनिजे दोन्ही करतात. पुढे एकात्मिक मंडलांना, म्हणजे चिपना, बंदिस्त करणारी सिरॅमिकची कवचे बनवून ही कंपनी मोठी झाली. मातीचे भांडे बनवणाऱ्याला आपण कुंभार म्हणतो, मूळ कुंभकार. विजेसाठी भांडी घडवणाऱ्याला मात्र जग ‘इलेक्ट्रॉनिक्स कंपनी’ म्हणू लागले.

या ‘इलेक्ट्रॉनिक्स’चा पूर्वजही ग्रीकच. ‘एलेक्त्रोन’ म्हणजे अंबर, झाडाच्या राळेचा लाखो वर्षांत दगड होऊन बनलेला पिवळसर खडा. घासला की तो काडीकचरा ओढून घेतो. ग्रीक नावाचा संबंध चकाकणाऱ्या सूर्याशी लावतात, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना आधी तेज दिसले. संस्कृतने आणि फारसीने ओढ पाहिली. संस्कृतात अशा खड्याला तृणमणी म्हटले आहे. फारसीत तो ‘काहरुबा’, म्हणजे गवत पळवणारा, आणि त्याच शब्दापासून अरबीत विजेला ‘कहरबा’ म्हणू लागले. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये लॅटिनमध्ये ‘एलेक्ट्रिकस’ हे विशेषण घडवले, आणि १८९१ मध्ये जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी विजेच्या मूळ एककाला ‘इलेक्ट्रॉन’ असे नाव सुचवले. अंबर दागिन्यांत राहिले, त्याचे नाव मात्र घराघरातल्या तारांत शिरले.

आता कॅमेऱ्याकडे. क्योसेराने कॅमेरा शून्यापासून घडवला नाही. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये तिने याशिका ही कॅमेऱ्याची चालती कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. हे नाव भारतात चांगलेच परिचयाचे होते. फोटो स्टुडिओवाल्यांकडे आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या गळ्यात याशिकाचा दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहायचा कॅमेरा असे. आज आपल्याकडे मुलींचे नाव यशिका ठेवतात आणि ते ‘यश’वरून आले असे समजतात. लतिका, मालिका, पुस्तिका या ओळीत ते छान बसतेही, कारण संस्कृतातला ‘इका’ हा प्रत्यय लहान, नाजूक, स्त्रीलिंगी वस्तू दाखवतो. लोकव्युत्पत्ती अशीच घडते: कानाला ओळखीचे वाटले की मूळ शोधायची गरज उरत नाही.

कॅमेऱ्याच्या याशिकाचे मूळ अगदी वेगळे. १९४९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या नागानो प्रांतात ‘यशिमा सेइकी’ नावाची कंपनी निघाली. ‘सेइकी’ म्हणजे अचूक यंत्रे. ‘यशिमा’ म्हणजे आठ बेटे. जपानच्या पुराणकथांत देशाचे एक नाव ओयाशिमा, आठ बेटांची महान भूमी, असे येते. आपण संकल्प सोडताना जंबुद्वीपाचे नाव घेतो, त्याच थाटाचे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर ‘यशिमाफ्लेक्स’ हे नाव होते. पुढे ‘यशिमा’चा ‘मा’ गळाला, त्या जागी कॅमेऱ्याचा ‘का’ आला आणि ‘याशिका’ तयार झाले. १९५८ मध्ये कंपनीनेही तेच नाव स्वतःला लावून घेतले. पुराणातली आठ बेटे आणि ‘कॅमेरा’ या शब्दातली लॅटिन खोली यांचा हा संधी.

शेवटचा हा ‘का’ मात्र याशिकाचा स्वतःचा नव्हे. तो जर्मनीहून आला. वेट्झलार गावच्या लाइट्स कंपनीने १९२५ मध्ये लहान फिल्मचा कॅमेरा बाजारात आणला आणि ‘लाइट्स’ अधिक ‘कॅमेरा’ असे जोडून त्याला ‘लायका’ म्हटले. तो कॅमेरा इतका गाजला की त्याच्या नावाचे शेपूटच प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. जपानमध्ये कोनिशिरोकु कंपनीने ‘कोनिका’ काढला, फुजीने ‘फुजिका’, यशिमाने ‘याशिका’. व्याकरणात प्रत्यय हजारो वर्षांत घडतो. इथे एका यशस्वी यंत्रामुळे तो पंचवीस-तीस वर्षांत घडला. सगळेच काही या वाटेने गेले नाहीत. अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये ‘कोडॅक’ हे नाव कोणत्याही अर्थाविना, केवळ ठसक्यासाठी रचले. कॅननचा आरंभ तर ‘क्वानोन’ या १९३४ च्या कॅमेऱ्यात, आणि क्वानोन हे अवलोकितेश्वराचे जपानी नाव. कान्हेरीच्या आणि औरंगाबादच्या लेण्यांत संकटातून भक्तांना तारताना कोरलेला बोधिसत्त्व हाच. करुणेने पाहणारा म्हणून त्याचे नाव कॅमेऱ्याला दिले, यातली निवड मोठी नेमकी आहे.

याशिकाबरोबर क्योसेराला आणखी एक नाव मिळाले आणि ते अधिक खानदानी होते: कॉन्टॅक्स. हा शब्दही कोशात सापडणार नाही, तो घडवलेला. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने १९३२ मध्ये लायकाला टक्कर द्यायला कॉन्टॅक्स काढला. योगायोग असा की काझुओ इनामोरी यांचा जन्मही १९३२ चाच. झाइस हे संस्थापकाचे आडनाव. ‘इकॉन’ मागे ग्रीक ‘एइकोन’, म्हणजे प्रतिमा. संगणकाच्या पडद्यावरचा आयकॉन आणि वर्तमानपत्रातले ‘आयकॉन’ ठरलेले नट-खेळाडू याच कुळातले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले आणि कॉन्टॅक्सचेही. कारखान्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि कीएव्ह शहरात जवळजवळ तोच कॅमेरा ‘कीएव्ह’ नावाने बनू लागला. पूर्व जर्मनीत १९४९ मध्ये कॉन्टॅक्स एस निघाला. त्याच्या डोक्यावर पंचकोनी लोलक, म्हणजे पेंटाप्रिझम, होता, त्यामुळे डोळ्यासमोरचे दृश्य सरळ दिसे. पश्चिम जर्मनीतल्या झाइसनेही त्याच नावावर हक्क सांगितला. नाव एक आणि दावेदार दोन, म्हणून पूर्वेकडच्या कॅमेऱ्यांना परदेशात ‘पेंटाकॉन’ म्हणावे लागले: पेंटाप्रिझमचा ‘पेंटा’, कॉन्टॅक्सचा ‘कॉन’. त्याच ‘पेंटा’ला कॉन्टॅक्सचे दुसरे टोक जोडून ‘पेंटॅक्स’ झाला. ते नाव झाइस इकॉनकडून जपानच्या असाही कंपनीकडे गेले आणि १९५७ पासून तिच्या कॅमेऱ्यांवर झळकू लागले. एका कॉन्टॅक्सचे डोके एकाने नेले, शेपूट दुसऱ्याने. ‘पेंटा’ मात्र आपल्याला परका नाही. ग्रीक ‘पेंते’ आणि संस्कृत ‘पञ्च’ ही एकाच आजीची नातवंडे.

भिंगांच्या नावांतही हे नाते भेटते. झाइसच्या ‘टेसार’ या १९०२ च्या प्रसिद्ध भिंगरचनेत काचेचे चार घटक आहेत, म्हणून ग्रीक ‘तेस्सारेस’वरून हे नाव. ‘तेस्सारेस’ आणि ‘चत्वारः’ यांचे मूळ एक, म्हणजे टेसार हा आपल्या ‘चार’चा चुलतभाऊ. ‘प्लानार’ हे नाव सपाटपणावरून, कारण ते भिंग चित्राच्या कडाही मधल्या भागाइतक्याच सपाट पृष्ठावर स्पष्ट उतरवते. ‘सोनार’ हे जर्मन ‘झोने’, म्हणजे सूर्य, या शब्दावरून. भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या भिंगाला ते साजते. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र आधी सराफकट्टा येतो. त्याला इलाज नाही.

पश्चिम जर्मनीत झाइसने १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅमेरे बनवणे थांबवले. जपानी कॅमेऱ्यांच्या किमतीपुढे टिकाव लागेना. मग त्यांनी जे उरले होते ते विकायला काढले, आणि उरले होते ते नाव आणि भिंगांचे ज्ञान. याशिकाशी करार झाला. १९७५ मध्ये कॉन्टॅक्स आरटीएस बाजारात आला: नाव ड्रेस्डेनचे, भिंगे झाइसच्या आराखड्याची, रूप पोर्शे यांच्या डिझाइन संस्थेने दिलेले, आणि आतला इलेक्ट्रॉनिक मेंदू याशिकाचा. आठ वर्षांनी याशिकाच क्योसेराची झाली, तेव्हा हे सगळे कराराच्या कागदांसह क्योतोला गेले.

आता क्योसेराजवळ तीन नावे होती आणि त्यांची उतरंड पाहण्यासारखी आहे. महागड्या, हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांवर कॉन्टॅक्स. परदेशात खपणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांवर याशिका. आणि ज्या कंपनीने हे सगळे बनवले तिचे क्योसेरा हे नाव मुख्यतः जपानमधल्या खिशातल्या कॅमेऱ्यांवर. किंमत जितकी चढी, तितके नाव जुने. १९८४ चा कॉन्टॅक्स टी, १९९० चा टायटॅनियमच्या कवचाचा टी-टू, १९९४ चा जी-वन हे सगळे क्योसेराचे; पण घेणाऱ्याला विचारले तर तो कॉन्टॅक्स आणि झाइस सांगे. क्योतोचे नाव त्याच्या तोंडी क्वचितच येई.

एका कॅमेऱ्यात मात्र मातीने आपले अस्तित्व दाखवले. १९९० च्या कॉन्टॅक्स आरटीएस थ्रीमध्ये फिल्म जिथे टेकते तिथे धातूऐवजी सिरॅमिकची पट्टी होती, आणि छायाचित्र घेण्याच्या क्षणी हवा ओढून फिल्म त्या पट्टीला अगदी चिकटवली जाई. रोलमधली फिल्म जरा जरी फुगली तरी चित्राची धार जाते. सिरॅमिक गुळगुळीत घासता येते आणि उष्णतेने फारसे प्रसरण पावत नाही. ज्या मातीवरून कंपनीला नाव मिळाले ती नेमकी फिल्मच्या पाठीशी उभी होती, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे. १९९६ च्या कॉन्टॅक्स एएक्समध्ये याहून विलक्षण युक्ती होती. भिंग हलवून दृश्य स्पष्ट करण्याऐवजी कॅमेऱ्याच्या पोटातला फिल्मसकटचा भागच पुढेमागे सरके. त्यामुळे हाताने फिरवायची जुनी झाइस भिंगेही आपोआप फोकस होऊ लागली.

आणि एकदा कंपनीने नवे नाव घेतले: सामुराई. १९८७ चा हा कॅमेरा मुठीत उभा धरायचा, व्हिडिओ कॅमेऱ्यासारखा. तो फिल्मच्या नेहमीच्या चौकटीत अर्धेच चित्र काढे, त्यामुळे ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो निघत. रोल पुरवून पुरवून वापरणाऱ्यांना हे आकर्षण. ‘सामुराई’ शब्दाचे मूळ जुन्या जपानी ‘साबुराउ’ या क्रियापदात, अर्थ सेवेत हजर राहणे. तलवार नंतर आली, आधी चाकरी. आपल्या ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ या शब्दांतही शौर्याच्या आधी नोकरीचा करार आहे: स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर.

ही सारी धावपळ ज्या फिल्मसाठी, तिचे नावही तपासावे. जुन्या इंग्रजीत ‘फिल्मेन’ म्हणजे पातळ पापुद्रा, कातड्याचा पडदा. काचेच्या जड पट्ट्यांऐवजी लवचीक पापुद्र्यावर रसायन पसरू लागले तेव्हा हे नाव चिकटले. मराठीने सिनेमासाठी ‘चित्रफीत’ केली. त्यातली फीत पोर्तुगीज ‘फिता’, म्हणजे रिबीन. बोलीत मात्र आपण रोलच म्हणालो. रोल भरायचा, रोल संपायचा, रोल धुवायला टाकायचा. आणि फोटो ‘काढायचा’, जसे चित्र काढतो तसा. शास्त्रीय नाव छायाचित्र. जपानी ‘शाशिन’चा अर्थ ‘सत्याची नक्कल’. आपल्या शब्दात सावली आहे, त्यांच्या शब्दात सत्य. जाहिरातींचे फोटो पाहता आपला शब्द अधिक सावध वाटतो.

१९९९ मध्ये क्योसेराने दोन गोष्टी केल्या. मध्यम आकाराच्या फिल्मचा कॉन्टॅक्स ६४५ आणला, जो लग्नाच्या छायाचित्रकारांचा पुढे फार लाडका झाला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये व्हीपी-२१० नावाचा फोन विकायला काढला. त्यात सुमारे १ लाख १० हजार चित्रबिंदूंचा कॅमेरा होता, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळलेला, सेकंदाला दोन चित्रे पाठवणारा. कॅमेरा असलेल्या जगातल्या पहिल्या मोबाइलपैकी हा एक. एका हाताने कंपनी फिल्मची उत्तम घरे बांधत होती आणि दुसऱ्या हाताने ती घरे ओस पाडणारी वस्तू घडवत होती. याला विसंगती म्हणता येणार नाही. सुट्या भागांतून वाढलेल्या कंपनीला कॅमेरा हाही एक सुटा भागच दिसला असेल, तर नवल काय? २००२ मध्ये तिने पूर्ण चौकटीचा, ६० लाख चित्रबिंदूंचा कॉन्टॅक्स एन डिजिटलही आणला, पण बाजार कॅनन-निकॉनकडे वळला होता. २००५ मध्ये क्योसेराने कॉन्टॅक्स बंद करत असल्याचे जाहीर केले आणि २२ वर्षांचा कॅमेऱ्याचा संसार आवरला. याशिका हे नाव नंतर हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाने घेतले आणि ते आजही वस्तूंवर दिसते. त्यातली आठ बेटे आता विकणाऱ्यालाही आठवत नसतील.

राहता राहिला मूळ शब्द, जो या सगळ्या नावांच्या शेपटाशी बसला आहे. लॅटिन ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली, ग्रीक ‘कामारा’वरून. खगोलज्ञ केप्लरने १६०४ मध्ये ‘कामेरा ऑब्स्कुरा’, काळोखी खोली, हा शब्दप्रयोग केला: बंद खोलीच्या भिंतीला छिद्र पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे पडते. छायाचित्रणाने ती खोली हातात मावेल इतकी लहान केली, विशेषण गाळले आणि ‘कॅमेरा’ ठेवला. हीच खोली पोर्तुगीजांबरोबर ‘कामरा’ म्हणून भारतात आली. हिंदीतला ‘कमरा’ तिच्यापासूनचा, आणि पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या नगरपालिकेचे नावही ‘कामरा’च होते. इंग्रजीत ती चेंबर झाली. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणाऱ्यांना ‘कामारादा’ म्हणत. फ्रेंचमार्गे त्याचा कॉम्रेड झाला. लाल बावट्याखाली घोषणा देणारा कॉम्रेड आणि त्याचा फोटो काढणारा कॅमेरा हे मुळात एकाच खोलीतले.

न्यायालयात ‘इन कॅमेरा’ म्हणजे न्यायाधीशांच्या खोलीत, बंद दाराआड. ‘इन कॅमेरा सुनावणी’ असे मराठी वर्तमानपत्र लिहिते तेव्हा अर्थ हाच असतो: कोणी पाहू नये. पण त्याच पानावर ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ अशी बातमी असते, आणि तिथे अर्थ बरोबर उलटा: सगळे चित्रित व्हावे, म्हणजे मागाहून कोणालाही पाहता यावे. पोलीस, डॉक्टर, वार्ताहर सगळे हे वापरतात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही. याला चूक म्हणून हसण्यात अर्थ नाही. लॅटिनमधली खोली आणि जपानहून आलेले यंत्र मराठीने एकाच शब्दात राहू दिले आणि संदर्भावर सोपवले की आज दार लावायचे की उघडायचे. क्योसेराला २२ वर्षांत तीन नावे सांभाळता सांभाळता कॅमेऱ्यातून बाहेर पडावे लागले. मराठी वार्ताहर एका शब्दाचे दोन उलटे अर्थ रोज, काही खर्च न करता, सांभाळतो.